बंदुकीकडे नको, समोर पाहा

26 जानेवारीला जिल्ह्याच्या मैदानावर झेंडा वर जातो, ‘सलामी शस्त्र’ असा हुकूम होतो आणि रांगेतल्या सगळ्या बंदुका एकाच आवाजात जागेवर येतात. एकच ‘खट्’. बघणारे टाळ्या वाजवतात, पुढचे पथक येते आणि आपण मुलांना घेऊन घरी निघतो. वाटेत त्यातले एखादे विचारतेच, ‘अब्बा, एवढ्या लोकांचा आवाज एकदम कसा आला?’ आणि अब्बा म्हणतात, ‘प्रॅक्टिस, बेटा.’

उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. आखाडा बाळापूरसारख्या गावात तर हा प्रश्न कुतूहलापुरता राहत नाही. इथून कळमनुरीमार्गे हिंगोली गाठली की राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक 12 आहे. ‘एसआरपी’ हा शब्द आमच्याकडे शाळेत न गेलेल्या आजीलाही ठाऊक असतो. पहाटे रस्त्याच्या कडेने धावणाऱ्या भरतीच्या मुलांत आपल्या मोहल्ल्यातली मुले दिसतात. महाविद्यालयात एनसीसीचा फॉर्म आणणाऱ्या मुली दिसतात. मग घरात बोलणे सुरू होते. बंदूक हातात घ्यायची? दाढीचे काय? मुलीने पॅन्ट घालून मैदानात उभे राहायचे? आणि एक प्रश्न कोणी मोठ्याने विचारत नाही, पण तो दस्तरखानावर सगळ्यांच्या मध्ये बसलेला असतो: तिथे आपल्याला आपले म्हणतील का?

या प्रश्नांकडे येण्याआधी कवायत म्हणजे नेमके काय, ते पाहू. कारण बहुतेक घरांत निर्णय होतो तो ती गोष्ट न पाहताच.

इंच, अंश आणि अर्धा सेकंद

कवायतीत ‘साधारण’ या शब्दाला जागा नाही. सावधान म्हणजे टाचा जुळलेल्या आणि दोन पंजांमध्ये 30 अंशांचा कोन. विश्राम म्हणजे दोन पायांत 12 इंच अंतर. ‘तेज चल’ म्हटले की एक पाऊल 30 इंचांचे आणि मिनिटाला अशी 120 पावले. म्हणजे एका पावलाला बरोबर अर्धा सेकंद. हिशेब केला तर मिनिटाला 300 फूट, ताशी साडेपाच किलोमीटर. बाजारात भरभर चालणाऱ्या माणसाचा वेग याहून फार वेगळा नसतो. वेग कोणालाही जमतो, पण उंच माणूस आणि बुटका माणूस यांचे पाऊल सारखे पडणे अवघड. उंचाला पाऊल आखडावे लागते, बुटक्याला ताणावे लागते आणि दोघांनाही ते चेहऱ्यावर दिसू द्यायचे नसते.

बंदुकीची कवायत याच्या वरची पायरी. ‘बाजू शस्त्र’मध्ये बंदूक उजव्या पायाशी टेकलेली असते. तिथून ‘बगल शस्त्र’ करायचे तर उजवा हात ती झटक्याने वर आणतो, डावा हात तिला पकडतो, उजव्या हाताची पकड बदलते आणि शेवटी डावा हात सुटून आपल्या जागी परत जातो. सांगायला लागला त्याहून करायला कमी वेळ लागतो. पण या हालचाली एका दमात करायच्या नसतात. मोजणी चालते ‘एक, दो-तीन, एक, दो-तीन, एक’. ‘एक’वर हालचाल, ‘दो-तीन’ एवढा वेळ दगडासारखे स्थिर, पुन्हा ‘एक’वर हालचाल. सुरुवातीला शिकणारे मोठ्याने ओरडून मोजतात. मग ओठांत. मग मनात.

आमच्या मते सगळे गुपित त्या ‘दो-तीन’मध्ये आहे. हालचाल कोणीही जोरात करील. थांबणे कठीण. ज्याला घाई आहे तो ‘तीन’ गिळतो आणि त्याची बंदूक रांगेच्या आधी वाजते. त्या एका आवाजाने पूर्ण पथकाची मेहनत वाया जाते.

आमच्या गावात राखीव दलातून निवृत्त झालेले एक चाचा आहेत. नाव छापू नका, एवढे सांगून ते तासभर बोलले. त्यांनी पहिली गोष्ट सांगितली ती ही, की सुरुवातीचे कित्येक दिवस बंदूक हातात मिळतच नाही. नुसते उभे राहायचे, वळायचे, चालायचे. बंदूक मिळाली की पोरांची नजर तिच्याकडे जाते. हात कुठे पडतो ते बघायला मान खाली जाते. मग उस्ताद ओरडतात. चाचांनी ते ओरडणे आमच्या दखनीत करून दाखवले, ‘‘बंदूक कू नको देखो, सामने देखो! बंदूक कहीं नई जाती!’’ हाताला बंदुकीची जागा डोळ्यांशिवाय कळली पाहिजे. अंधारात वजूचा लोटा जसा हाताला बरोबर सापडतो तसे, असे चाचा म्हणाले. उदाहरण त्यांचे, आम्ही फक्त लिहून घेतले.

दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती आवाजाची. बंदुकीचा पट्टा सैल राहिला की खडखडतो. म्हणून तो ताणून घट्ट करायचा. तळहात बंदुकीवर सपाट बसला तर आवाज भरीव येतो, बोटे वाकडी राहिली तर फुसका येतो आणि बोटेही दुखतात. पहिल्या दिवसांत तळहात सुजतात. ‘‘आवाज काढायचा नसतो,’’ ते म्हणाले, ‘‘आवाज एकत्र पडायचा असतो.’’ जो जास्त जोर लावतो त्याला उस्ताद आधी बाजूला काढतात.

चार किलोच्या आसपास वजन. एकदा उचलून पाहिले तर काहीच नाही. पण तेच वजन हात न हलवता वीस मिनिटे धरून उभे राहा म्हटले की खांदा बोलू लागतो. शिकवण्यासाठी बहुधा ‘डीपी’ म्हणजे फक्त कवायतीसाठी राखलेल्या बंदुका असतात. त्यांतून गोळी सुटत नाही. आई-वडिलांनी हे लक्षात ठेवावे, कारण एनसीसीतल्या मुलाच्या हातात बंदूक पाहून घाबरणारी अम्मी आम्ही पाहिली आहे.

रांग सरळ कशी राहते, हेही सांगायला हवे. ‘दाहिने सज’ म्हटले की सगळे उजवीकडे मान वळवून रांग जुळवतात. फक्त उजव्या टोकाचा माणूस, ज्याला दर्शक म्हणतात, तो समोरच पाहतो. संचलनात मंचासमोर ‘दाहिने देख’ झाले की पुन्हा तेच. सगळ्यांच्या माना वळतात, उजव्या टोकाच्या माणसाची वळत नाही. पाहुण्यांकडे न बघण्याची जबाबदारी त्याची. त्याने समोरचा बिंदू सोडला तर पूर्ण रांग तिरकी जाईल. पुढच्या वेळी मैदानावर गेलात तर त्या एका माणसाला शोधा. मुलांना फार मजा वाटते.

सरळ रांग, खांद्याला खांदा ही गोष्ट आपल्या मुलांना नवी नाही. जमातीत उभे राहताना ‘सफ सीधी कर लो’ हे शब्द त्यांनी लहानपणापासून ऐकलेले असतात. काही जण या दोन्हींची तुलना फार उत्साहाने करतात. आम्ही ती थोडी सांभाळून करू. सफेत कोणाचा हुद्दा नसतो, मजूर आणि मालक एका ओळीत असतात. कवायतीत हुद्द्यावरच सगळे चालते. पण शरीराला सरळ उभे राहण्याची, शेजाऱ्याच्या खांद्याचे भान ठेवण्याची सवय असेल तर ती मैदानावर उपयोगी पडते, एवढे मात्र चाचांनीही मान्य केले.

हे आले कुठून

आज कवायत शोभेची वाटते. तिचा जन्म मात्र भीतीतून झाला. चारशे वर्षांपूर्वीची तोड्याची बंदूक भरणे हे जिवावरचे काम होते. एका हातात जळती वात, दुसऱ्या हातात दारू, शेजारी तसाच दुसरा माणूस. एकाने घाई केली तर तीन जण भाजणार. म्हणून हॉलंडमध्ये नासाऊच्या मॉरिसच्या फौजेने बंदूक भरण्याचे काम लहान-लहान हालचालींत तोडले आणि प्रत्येक हालचालीला एक हुकूम दिला. 1607 मध्ये याकोब द गेन याने या हालचालींच्या चित्रांचे पुस्तकच काढले. पुढची रांग गोळी झाडून मागे जायची, भरलेली रांग पुढे यायची. हे जमवायचे तर सगळ्यांचा ठेका एकच हवा. आजचे ‘एक, दो-तीन, एक’ त्या गरजेचे नातवंड आहे.

ही विद्या दख्खनमध्ये आली ती फ्रेंचांबरोबर. हैदराबादच्या निजामाकडे बुसीच्या हाताखाली कवायती पलटणी तयार झाल्या आणि त्यांत घडलेले एक नाव प्रत्येक मराठी माणसाला माहीत आहे: इब्राहिमखान गारदी. ‘गारदी’ हा शब्दच फ्रेंच ‘गार्द’वरून आला, म्हणजे पहारेकरी. इब्राहिमखान पुढे पेशव्यांच्या चाकरीत आले. 1760 मध्ये उदगीरला, आपल्याच मराठवाड्यात, ते सदाशिवरावभाऊंच्या बाजूने निजामाविरुद्ध लढले. म्हणजे ज्या दरबारात कवायत शिकले, त्याच दरबाराच्या फौजेपुढे उभे राहिले.

पुढच्या वर्षी, 14 जानेवारी 1761 रोजी, पानिपत. त्या दिवसाचे वर्णन काशीराज पंडिताने लिहून ठेवले आहे. तो शुजाउद्दौलाच्या छावणीत, म्हणजे समोरच्या बाजूला होता. त्याच्या सांगण्याप्रमाणे इब्राहिमखानांनी भाऊंकडे जाऊन म्हटले, की मी शिपायांच्या पगारासाठी हट्ट धरला म्हणून आपण रागावत होता. तो पगार वाया गेला नाही हे आज दाखवतो. मग त्यांनी दोन पलटणी बाजूकडून होणारा हल्ला अडवायला वळवून ठेवल्या आणि बाकीच्या सात पलटणी संगिनी रोखून रोहिल्यांवर घातल्या. लढाईच्या धुरळ्यात, तोफांच्या आवाजात दोन पलटणींनी वेगळ्या दिशेला तोंड करून उभे राहायचे आणि सात पलटणींनी ओळ न मोडता पुढे जायचे, हे कवायतीशिवाय होत नाही. त्या पलटणींतले बहुतेक लोक तिथेच पडले. इब्राहिमखान जखमी होऊन पकडले गेले आणि नंतर मारले गेले.

आपल्या घरात पानिपताची गोष्ट सांगताना हे नाव गाळू नये. दुसऱ्या कोणाला उत्तर म्हणून नव्हे. ते आपल्या गावच्या, आपल्या भाषेच्या इतिहासात आहे म्हणून.

पण गोष्ट इथेच सोडली तर अर्धीच राहील. बारा वर्षांनी, 30 ऑगस्ट 1773 रोजी, पुण्यात शनिवारवाड्यात गारद्यांनीच नारायणराव पेशव्यांना मारले. सुमेरसिंग गारदी त्यांचा म्होरक्या. ‘ध’चा ‘मा’ झाल्याची कथा शाळकरी मुलालाही पाठ असते. कवायत तीच, बंदूक तीच, शिस्त तीच. मराठीत ‘गारदी’ हा शब्द बदनाम झाला तो या दिवसामुळे. सांगायचे कारण एवढेच, की कवायत माणसाला सरळ उभे राहायला शिकवते. कोणासमोर आणि कशासाठी उभे राहायचे ते शिकवत नाही. ते घरातून यावे लागते. शिस्त लागावी म्हणून मुलाला एनसीसीत घालतो असे म्हणणाऱ्या पालकांना आम्ही हे आवर्जून सांगतो. मैदान तुमचे काम करून देणार नाही.

हिंगोलीची छावणी

हिंगोलीचे आणि कवायतीचे नाते एसआरपीपासून सुरू होत नाही. 1813 मध्ये हैदराबादचा इंग्रज रेसिडेंट हेन्री रसेल याने निजामाच्या खर्चाने कंपनीच्या पद्धतीची कवायती फौज उभी केली. तिचीच पुढे हैदराबाद कंटिंजंट झाली. 1853 च्या तहात तिच्या खर्चासाठी वऱ्हाडचा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात गेला. इतकी ती महाग होती. बोलारम, औरंगाबाद, जालना, एलिचपूर, मोमिनाबाद म्हणजे आजचे अंबाजोगाई, आणि हिंगोली अशी तिची ठाणी होती. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या कायाधू काठच्या या गावात रोज सकाळी पायदळाची आणि रिसाल्याची कवायत चाले. रिसाल्यात दखनी मुसलमान मोठ्या संख्येने होते.

1903 मध्ये कंटिंजंट भारतीय सैन्यात विलीन झाली. तिच्या पायदळ पलटणींतून 1922 मध्ये 19वी हैदराबाद रेजिमेंट झाली आणि 1945 मध्ये त्याच रेजिमेंटला कुमाऊँ रेजिमेंट हे नाव मिळाले. घोडदळातून आजची डेक्कन हॉर्स आली. पहिल्या महायुद्धात 14 जुलै 1916 रोजी फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत, ‘हाय वुड’ नावाच्या रानाजवळ, डेक्कन हॉर्सच्या स्वारांनी भाले घेऊन मशीनगनच्या काळात घोडे घातले होते. हीच रेजिमेंट सप्टेंबर 1965 मध्ये रणगाडे घेऊन पंजाबात खेमकरणजवळ असल उत्तरच्या लढाईत होती. आणि त्याच लढाईत 4 ग्रेनेडियर्सचे कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद जीपवरच्या 106 मिलिमीटर तोफेने पॅटन रणगाडे फोडत होते. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले.

अब्दुल हमीद यांची गोष्ट आपल्या घरांत शौर्याची म्हणून सांगतात, तशी ती आहेच. पण तिच्यात कवायतही आहे. त्या तोफेचा बार झाला की मागे धूळ आणि ज्वाला उडते आणि तोफ कुठे आहे ते शत्रूला लगेच कळते. म्हणून बार करायचा आणि उत्तर यायच्या आत जीप हलवायची. चालक, तोफची, गोळा भरणारा यांच्या हातांना आपापली हालचाल न विचारता आली पाहिजे. भात्यातले धाडस तेच, पण हात सरावाचे हवेत.

एका हुकमात दोन भाषा

मैदानावरचे शब्द ऐकले तर मजा वाटते. स्वातंत्र्याआधी हुकूम इंग्रजीत होते, नंतर हिंदीत आले. ‘सलामी शस्त्र’ घ्या. ‘सलामी’ अरबी सलामवरून, ‘शस्त्र’ संस्कृत. ‘बाजू’ फारसी, ‘बगल’ फारसी, ‘परेड’ फ्रेंचमधून इंग्रजीत आणि तिथून आपल्याकडे. हवालदार, सुभेदार, रिसालदार, सिपाही, जवान, फौज हे शब्द अरबी-फारसी वळणाचे. ‘पलटण’ मात्र युरोपातली. आणि शिकवणाऱ्याला सगळे, मग तो कोणत्याही जातिधर्माचा असो, ‘उस्ताद’ म्हणतात. टिपू सुलतानच्या काळात ‘फतहुल मुजाहिदीन’ नावाचा फारसी लष्करी ग्रंथ तयार झाला आणि त्याच्या फौजेत परदेशी हुकमांच्या जागी आपल्याकडच्या माणसाला कळतील असे हुकूम आणले गेले. भाषा बदलत गेल्या, पण रांग कोणाही एका भाषेची राहिली नाही.

आता तर हुकूमच नसलेली कवायतही आहे. भारतीय हवाई दलाचे एअर वॉरियर ड्रिल पथक 2004 मध्ये उभे राहिले. संगीन लावलेल्या बंदुका हे जवान हवेत फिरवतात, एकमेकांकडे फेकतात, फिरत्या बंदुकांमधून त्यांचा प्रमुख चालत जातो आणि सगळ्यात एकही शब्द नाही. अमेरिकेच्या मरीन दलाचे असे 24 जणांचे मूक पथक 1948 मध्ये एकदाच दाखवण्यासाठी बसवले होते. लोकांना इतके आवडले की ते कायमचे झाले. त्यांच्या बंदुका संगिनीसह पावणेपाच किलोच्या आसपास.

हुकूम नसताना कळते कसे? कान आणि मोजणी. बुटाचा आवाज, तळहाताचा आवाज, शेजाऱ्याच्या बाहीचे सळसळणे, आणि आत चाललेली ती मोजणी, जी सरावाने सगळ्यांची एकाच वेगाने चालू लागते. बंदूक फिरवताना तिचे वजन जिथे तोलते तो बिंदू बोटांखाली हवा. तो नेमका कळला की बंदूक हवेत एक गिरकी घेऊन परत त्याच जागी हाताला लागते. तो एक इंचही चुकला तर पुढे टोकदार संगीन आहे. अशा पथकात शेजाऱ्यावर विश्वास ठेवणे हा सद्गुण नसतो, गरज असते.

मूक कवायतीची धमाल आंतरजालावर मुले बघतातच. आम्हाला मात्र एक दुसरी हालचाल जास्त भिडते, जिला टाळ्या पडत नाहीत. 21 ऑक्टोबर हा पोलीस स्मृतिदिन. 1959 मध्ये याच दिवशी लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्ज इथे चिनी सैन्याच्या हल्ल्यात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे दहा जवान मारले गेले. दर वर्षी या दिवशी जिल्ह्याजिल्ह्यांत ‘शोक शस्त्र’ होते. बंदूक हळूहळू उलटी होते, नळीचे तोंड खाली येते, हात तिच्यावर ठेवले जातात, मान झुकते. इथे झटका नाही, खट् नाही. वर्षभर झटक्यात हात मारायला शिकलेल्या माणसांनी एकसारखे सावकाश व्हायचे. चाचा म्हणाले, सर्वांत जास्त सराव याचाच लागतो. ज्याच्या साथीदाराचे नाव त्या दिवशी वाचले जाते त्याचे हात थरथरतात, आणि थरथर रांगेत दिसू द्यायची नसते. एवढे बोलून ते गप्प झाले. आम्हीही पुढे विचारले नाही.

घरातले प्रश्न

आता दस्तरखानावरचे प्रश्न. दाढीचा प्रश्न टाळून चालणार नाही. 15 डिसेंबर 2016 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हवाई दलातील एका मुस्लिम कर्मचाऱ्याच्या प्रकरणात दाढीबाबतचा दलाचा नियम कायम ठेवला. आपल्याच राज्य राखीव पोलीस बलातील एका जवानाचे प्रकरणही सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते. तिथे परत रुजू होण्याची वाट दाखवली गेली, पण दाढीच्या अटीसह. त्याने ती अट मान्य केली नाही. या निर्णयांबद्दल समाजात वेगवेगळी मते आहेत आणि ती असू शकतात. आमचे म्हणणे व्यवहाराचे आहे. मुलाने फॉर्म भरण्याआधी, मौलाना साहेबांशी, घरच्या वडीलधाऱ्यांशी आणि मुख्य म्हणजे स्वतःशी हे बोलून घ्यावे. प्रशिक्षण केंद्रात पोहोचल्यावर हा प्रश्न पहिल्यांदा उभा राहिला तर मुलाची कोंडी होते, नोकरी आणि मन दोन्ही अडकतात.

रोज्याचाही प्रश्न येणार आहे आणि तो अगदी जवळ आला आहे. रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. चंद्रदर्शनावर एक दिवस इकडेतिकडे होईल, पण 2029 आणि 2030 मध्ये 26 जानेवारी रमजानातच येईल. म्हणजे संचलनाचा सगळा सराव रोज्यात. थंडीचे लहान दिवस असतात, त्यामुळे जमण्यासारखे आहे, पण काळजी हवी. परेडमध्ये चक्कर येऊन पडणे रोजा नसलेल्यांनाही चुकत नाही. एकाच जागी गुडघे ताठ करून उभे राहिले की रक्त पायांत साचते आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. उस्ताद सांगतात, बुटाच्या आत पायाची बोटे हलवत राहा, गुडघे दगडासारखे ताठ करू नका. रोजा असेल तर सहरी चुकवू नका, सहरीला पाणी भरपूर घ्या आणि रोजा आहे हे उस्तादांना आधी सांगून ठेवा. लपवण्यात कसलीच बहादुरी नाही. पडलात तर तुमच्याबरोबर रांग पडते.

मुलींबद्दल. एनसीसीत मुलींचा विभाग 1949 पासून आहे, म्हणजे आमच्या आजीच्या तरुणपणापासून. पुण्याजवळ खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत मुलींना 2022 पासून प्रवेश मिळाला आणि 30 मे 2025 रोजी पहिल्या 17 मुली तिथल्या खेत्रपाल मैदानावरून मुलांच्या बरोबरीने पास होऊन बाहेर पडल्या. या प्रबोधिनीत नव्या कॅडेटला आधी कवायतीची परीक्षा द्यावी लागते. ती पास झाल्याशिवाय बाहेर फिरायला सुटी मिळत नाही. त्या 17 जणींनीही ती दिली. आपल्या मुलीने कॅडेट व्हावेच असे आम्ही म्हणत नाही. गणवेशाबद्दल, शिबिराच्या मुक्कामाबद्दल घरात शंका असतील तर महाविद्यालयातल्या एनसीसीच्या शिक्षकांना जाऊन भेटावे, शिबिरात मुलींबरोबर कोण असते ते विचारावे. बहुतेक ठिकाणी नीट उत्तर मिळते. न विचारता ‘नको’ म्हणणे सोपे असते, आणि मुलगी ते आयुष्यभर विसरत नाही.

आणि तो न विचारलेला प्रश्न, आपले म्हणतील का? आम्ही तो चाचांना विचारला. ते हसले. म्हणाले, वाईट बोलणारा एखादा सगळीकडे भेटतो, दलातही भेटला. पण पहाटेच्या अंधारात रांगेत उभे असताना शेजाऱ्याला फक्त एकच गोष्ट हवी असते, की तुझी बंदूक त्याच्या बंदुकीबरोबर वाजावी. त्यांच्या बरोबरीचा एक जण, दुसऱ्या धर्माचा, निवृत्तीनंतरही दर ईदला बाळापुरात येतो आणि शीरखुर्मा खाऊन जातो. एका माणसाच्या अनुभवावरून सगळ्यांचा निष्कर्ष काढू नये हे आम्हाला कळते. पण ऐकीव भीतीवरूनही काढू नये.

पुढे काय करता येते तेही सांगून ठेवतो. सैन्यात अधिकारी होण्याची इच्छा असलेल्या मुलांसाठी राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, 1977 पासून आहे. दहावीनंतर परीक्षा आणि मुलाखतीतून तिथे निवड होते. मुलींसाठी तशी संस्था नाशिकला सुरू झाली आहे. एनसीसीचे ‘सी’ प्रमाणपत्र चांगल्या श्रेणीत मिळवलेल्या पदवीधरांना सैन्याच्या अधिकारी भरतीत वेगळा प्रवेश आहे. त्यात लेखी परीक्षा नसते, थेट निवड मंडळाची मुलाखत असते. ही माहिती आपल्या मोहल्ल्यांत फार उशिरा पोहोचते, बहुधा वय निघून गेल्यावर.

शाळा-महाविद्यालये उघडली की एनसीसीची निवड सुरू होते. जागा थोड्या असतात, उंची-वजन पाहतात, थोडे पळवतात, दोन-चार प्रश्न विचारतात. मूल अल्पवयीन असेल तर फॉर्मवर पालकांची सही लागते.